नदीने राखलेले दफ्तर : आर्ल नगरीविषयी प्रस्तावना

फ्रान्स म्हटले की आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढे पॅरिस उभे राहते, आणि फार तर पॅरिसच्या मधून वाहणारी सेन नदी. त्या राजधानीच्या झगमगाटापलीकडे, दक्षिणेच्या उन्हात आणि वाऱ्यात, आपापल्या नद्यांच्या आधाराने दोन दोन हजार वर्षे नांदलेली जी जुनी गावे आहेत त्यांची वार्ता मराठीत क्वचितच येते. पुढील पानांत ज्या गावाची ओळख करून द्यायची आहे ते आर्ल अशांपैकी एक होय. फ्रेंच लिपीत या नावाच्या अखेरीस एक सकार लिहितात, पण तो उच्चारात गळतो. म्हणून वाचकाने 'आर्लेस' न म्हणता 'आर्ल' म्हणावे, एवढी सूचना आरंभीच करून ठेवतो.

आल्प्सच्या हिमनद्यांतून निघालेली रोन नदी जिनिव्हाचे सरोवर ओलांडून, लियाँ आणि आव्हिन्यों या नगरांना स्पर्श करीत दक्षिणेकडे धावत येते, आणि आर्लच्या किंचित वर तिचे दोन फाटे होतात. थोरली रोन गावाच्या कुशीतून जाते, धाकटी पश्चिमेकडे वळते, आणि या दोघींच्या मिठीत सापडलेला खाजणांचा, दलदलींचा, मिठागरांचा आणि भातखाचरांचा जो त्रिकोणी मुलूख तो कामार्ग. काळे बैल, पांढरी घोडी आणि गुलाबी रोहित पक्षी यांच्यासाठी तो प्रसिद्ध आहे. या मुलखाचा मोठा भाग आर्लच्याच नगरपालिकेच्या हद्दीत मोडतो. त्यामुळे अवघ्या पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचे हे गाव क्षेत्रफळाने फ्रान्सच्या मुख्य भूमीवरील सर्वांत मोठी नगरपालिका ठरले आहे. तिचा विस्तार सुमारे ७५८ चौरस किलोमीटर, म्हणजे खुद्द पॅरिस शहराच्या सातपट. वरून 'मिस्त्राल' नावाचा उत्तरेचा कोरडा, थंड वारा रोनच्या खोऱ्यातून सुसाटत येतो आणि दिवसचे दिवस दारेखिडक्या खडखडवीत राहतो. पुढे ज्या कवीचा उल्लेख वारंवार येईल त्याचे आडनावही हेच, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

आर्ल हे गाव नदीने घडवले, हे विधान कोणत्याही काठच्या गावाविषयी करता येते, म्हणून त्यात विशेष काही नाही. विशेष आहे ते पुढचे. या नदीने गावाला जे दिले त्याचा हिशेबही तिने स्वतःच सांभाळून ठेवला, आणि जेव्हा तिच्याकडून मिळायचे ते मिळेनासे झाले तेव्हा गावाने त्या हिशेबाच्या वह्या उघडून त्यांवर आपला निर्वाह चालविला. आर्लचा इतिहास म्हणजे या देवघेवीचा इतिहास, असे मला वाटते.

ख्रिस्तपूर्व ४९ मध्ये रोमच्या यादवीत मार्सेय या ग्रीक बंदराने पाँपीचा पक्ष घेतला. त्याला वेढा घालण्यासाठी सीझरने आर्लच्या गोदीत बारा युद्धनौका बांधवून घेतल्या, आणि अरण्यात लाकूड तोडल्या दिवसापासून तीस दिवसांत त्या पाण्यात उतरल्या, असे त्यानेच आपल्या यादवीच्या वृत्तांतात नमूद करून ठेवले आहे. मार्सेय पडले. तीन वर्षांनी सहाव्या पलटणीतील निवृत्त शिपायांना जमिनी देऊन आर्ल येथे रोमन वसाहत स्थापण्यात आली आणि मार्सेयच्या ताब्यातील मुलखाचा मोठा हिस्सा तिला जोडून देण्यात आला. राजकारणात योग्य वेळी योग्य बाजूस उभे राहणाऱ्यास जी इनामे मिळतात त्यांतलेच हे एक. समुद्रातून येणारा माल लहान होड्यांत चढवून नदीने उत्तरेकडे न्यायचा आणि उत्तरेचा माल समुद्रावर पोचवायचा, या उलाढालीवर गाव गबर झाले. पलीकडच्या काठावरील त्रँकताय या पेठेशी ते होड्यांच्या पुलाने जोडलेले होते. अखंड दगडी पुलाला रोनचा ओघ दाद देत नसे, पण साखळीने बांधलेल्या होड्या तिच्या चढउतारासवे खालीवर होत.

या उलाढालीचे पुरावे नदीच्या तळाशी गाळात जपले गेले. २००४ मध्ये पाणबुड्यांना तेथे एक रोमन मालवाहू नाव आढळली, एकतीस मीटर लांब, सपाट तळाची, इमारतीच्या दगडांनी भरलेली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात धक्क्याशी उभी असतानाच ती बुडाली असावी. २०११ मध्ये ती तुकड्यातुकड्यांनी वर काढून, लाकडावर दीर्घ प्रक्रिया करून, आज ती गावाच्या प्राचीन वस्तूंच्या संग्रहालयात सबंध मांडलेली आहे. २००७ मध्ये याच गाळातून एक संगमरवरी अर्धपुतळा निघाला. कपाळावर आठ्या, मान सुरकुतलेली, ओठ घट्ट मिटलेले असा तो प्रौढ पुरुष सीझरच होय असे एका पक्षाचे म्हणणे, आणि नव्हे असे दुसऱ्याचे. हा कज्जा अद्याप निकालात निघालेला नाही. तो निघाला नाही तरी पाहणाऱ्याचे काही अडत नाही, कारण त्या चेहऱ्यावरील थकवा कोणाचा का असेना, तो खरा आहे.

नदीने गावाकडे माल आणला तशी प्रेतेही आणली. नगराच्या वेशीबाहेर, रोमन रीतीप्रमाणे राजरस्त्याच्या दुतर्फा, आलिस्कां नावाची मोठी दफनभूमी होती. हे नाव 'एलिसियन क्षेत्रे', म्हणजे पुण्यात्म्यांचा लोक, या लॅटिन शब्दांचा स्थानिक अपभ्रंश होय. हुतात्मा संत जेनेस याचे दफन तेथे झाले अशी श्रद्धा असल्याने मध्ययुगात तेथे माती मिळावी ही रोनकाठच्या सधन लोकांची अखेरची इच्छा होऊन बसली. तेराव्या शतकाच्या आरंभी जर्व्हेस ऑफ टिल्बरी या इंग्रज पंडिताने, जो आर्लच्या राज्यात मोठ्या हुद्द्यावर होता, अशी हकीकत लिहून ठेवली आहे की, वरच्या गावांचे लोक आपल्या मृतांना पिंपात वा पेटीत घालून, सोबत दफनाचे शुल्क ठेवून, नदीत सोडून देत. नावाडी नाही, वल्हे नाही, तरी पेटी आर्लला येऊन आपोआप थांबे. एकदा बोकेरच्या काही टवाळ पोरांनी एका पेटीतले पैसे काढून घेतले, तेव्हा ती पेटी पुढे सरकेचना. पैसे परत ठेवल्यावरच ती मार्गस्थ झाली. आख्यायिका म्हणून ही बाजूला सारता येईल. पण ज्या काळी नदीवरील प्रत्येक टप्प्यावर जकात द्यावी लागे, त्या काळच्या लोकांनी मेलेल्या माणसालाही जकात चुकवू दिली नाही, यात मला त्यांचा व्यवहार आणि विनोद दोन्ही दिसतात. दान्तेने आपल्या 'नरक' खंडाच्या नवव्या सर्गात या थडग्यांचा नामनिर्देश केला आहे. पुढे मात्र नगराच्या कारभाऱ्यांनी कोरीव शवपेट्या मोठ्या पाहुण्यांना नजराणा म्हणून वाटून टाकल्या. नववा चार्ल्स या राजाने नेलेल्या पेट्यांच्या भाराने नौका रोनमध्येच बुडाली असे सांगतात, म्हणजे तेवढ्या तरी नदीने परत घेतल्या. उरलेल्या साध्या पेट्या आज उंच झाडांच्या रांगेत रिकाम्या पडलेल्या दिसतात.

रोमन वैभवाचे दुसरे दर्शन रंगभूमीच्या अवशेषांत आणि लंबवर्तुळाकार आखाड्यात घडते. रंगभूमीचे बहुतेक दगड मध्ययुगात उचलून नेले गेले, आणि रंगमंचामागील भिंतीचे दोनच उंच खांब उभे राहिले. गावकरी त्यांना 'दोन विधवा' म्हणतात. इथल्याच मातीत १६५१ मध्ये सापडलेली व्हीनसची मूर्ती गावाने चौदाव्या लुईला अर्पण केली, ती आता लूव्हर संग्रहालयात आहे. आखाड्याचे दैव अधिक विलक्षण. इसवी सन ९० च्या सुमारास बांधलेली, साठ साठ कमानींचे दोन मजले असलेली, वीस हजार प्रेक्षकांना सामावून घेणारी ही वास्तू रोमन अंमल संपताच किल्ला बनली. बाहेरच्या भिंतीवर बुरूज चढले, आत दोनशेहून अधिक घरे आणि दोन प्रार्थनामंदिरे उभी राहिली, आणि पिढ्यान् पिढ्या माणसे त्या लंबवर्तुळात जन्मली, भांडली, लग्ने लावली आणि मेली. १८२५ मध्ये ही घरे पाडून मूळ वास्तू मोकळी करण्याचा उपक्रम नगराध्यक्षांनी आरंभिला. इतिहासप्रेमी याचे कौतुक करतात आणि ते रास्तही आहे. पण त्या दोनशे घरांची वस्ती हाही इतिहासच होता, आणि रोमन इतिहास दिसावा म्हणून तो पुसला गेला, हे मनातून जात नाही. मोकळ्या झालेल्या आखाड्यात १८३० मध्ये पहिला मोठा खेळ झाला तो बैलांचा, निमित्त होते फ्रेंचांनी अल्जियर्स जिंकल्याचे.

याच शतकात गावावर खरा आघात झाला, आणि तो शत्रूकडून नव्हे, सुधारणेकडून. १८४० नंतरच्या दशकात लोहमार्ग आर्लपर्यंत आला. तोवर लियाँहून माल घेऊन प्रवाहासवे खाली येणाऱ्या आणि परतताना काठावरून चालणाऱ्या डझनावारी घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या नावांचे तांडे हे रोनचे वैभव होते. आधी आगबोटीने आणि मग रेल्वेने ते काही वर्षांत नाहीसे केले. नावाडी, तांडेल, घोडेवाले, दोरखंड वळणारे, धक्क्यावरचे हमाल या सर्वांची वहिवाट बुडाली. गावात रेल्वेचे मोठे कारखाने निघाले आणि अनेकांना तेथे काम मिळाले, हेही सांगितले पाहिजे. पण त्या कारखान्यांनाही १९८४ मध्ये टाळे लागले, आणि आज त्यांच्या जागी कलाकेंद्राचा पोलादी मनोरा चकाकत उभा आहे. नावाड्यांच्या त्या अस्तंगत जगावर १८९७ मध्ये एक दीर्घकाव्य प्रसिद्ध झाले, रोनचेच नाव धारण करणारे, आणि ते फ्रेंचमध्ये नव्हे, प्रोव्हांसाल भाषेत होते.

त्याचा कर्ता फ्रेदेरिक मिस्त्राल. १८३० मध्ये आर्लपासून जवळच मायान या खेड्यात एका सुखवस्तू शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला. शाळेत फ्रेंच, घरी प्रोव्हांसाल. आणि घरच्या भाषेत बोलणाऱ्या मुलाला शाळेत शिक्षा, हा त्या काळच्या दक्षिण फ्रान्सचा सार्वत्रिक अनुभव. १८५४ मध्ये सहा समानधर्मी कवींसह त्याने 'फेलिब्रीज' नावाची मंडळी स्थापन केली, १८५९ मध्ये 'मिरेयो' हे काव्य प्रसिद्ध केले, आणि मग वर्षानुवर्षे खपून आपल्या भाषेचा दोन जाडजूड खंडांचा कोश सिद्ध केला. १९०४ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक त्याला स्पॅनिश नाटककार एचेगाराय याच्यासह विभागून मिळाले. त्या रकमेचे त्याने काय केले, हा या प्रस्तावनेचा गाभा आहे.

१८९६ मध्ये त्याने आर्लला लोकजीवनाचे एक संग्रहालय सुरू करण्याचे योजिले होते आणि तीन वर्षांत ते उघडलेही. 'म्युझिऑन आर्लातेन' म्हणजे आर्लचे संग्रहालय, हे नावही प्रोव्हांसालमध्येच. नोबेलच्या पैशाने त्याने ते लाव्हाल-कास्तेलान या जुन्या वाड्यात प्रशस्तपणे मांडविले, जिथे अंगणातच रोमन चौकाचे अवशेष उघडे पडले होते. त्यात राजांच्या तलवारी नव्हत्या. पाळणे, काठवटी, कुलपे, मेंढपाळांच्या घंटा, नवसाची चित्रे, बैलांच्या डागण्या, टाचण्या. कोणीही फेकून दिल्या असत्या अशा वस्तू, आणि त्यांपुढे खुद्द कवीच्या हस्ताक्षरातील चिठ्ठ्या. एका दालनात पुतळ्यांच्या साह्याने बाळंतिणीची भेट मांडलेली आहे. भेटीस आलेल्या बाया मुलासाठी पाव, मीठ, अंडे आणि काडी आणतात, म्हणजे ते मूल पावासारखे गुणी, मिठासारखे शहाणे, अंड्यासारखे भरलेले आणि काडीसारखे सरळ व्हावे. हे दालन पाहताना आजीची आठवण न येणारा मराठी माणूस मला भेटावयाचा आहे. पहारेकरणींनी आर्लचा पारंपरिक पोशाख घालूनच काम करावे, असा मिस्त्रालचा दंडक होता.

या पोशाखाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आर्लची कीर्ती अर्धीअधिक त्यावर उभी आहे. पायघोळ घागरा, खांद्यांवरून छातीवर आणून टाचण्यांनी चुणी चुणीने बसविलेली ओढणी, त्या चुण्यांमधून दिसणारा 'देवळी' या अर्थाच्या नावाने ओळखला जाणारा भाग, आणि डोक्यावर उंच बांधलेल्या अंबाड्याभोवती गुंडाळलेली रुंद मखमली फीत. ही फीत बांधणे हे मुलगी वयात आल्याचे चिन्ह. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुली ती टाकून पॅरिसच्या टोप्यांकडे वळू लागल्या, तेव्हा मिस्त्रालने १९०३ मध्ये कुमारिकांचा एक उत्सव सुरू केला, ज्यात पहिल्यांदा फीत बांधणाऱ्या मुलींना प्रशस्तिपत्र मिळे. म्हणजे जो संस्कार घराच्या आरशापुढे होत असे तो आता सभामंडपात आला. त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९३० मध्ये, 'आर्लची राणी' निवडण्याची चाल पडली, आणि आज दर तीन वर्षांनी १ मे रोजी नगरभवनाच्या सज्जातून नव्या राणीचे नाव पुकारले जाते. ही सौंदर्यस्पर्धा आहे असा गैरसमज होण्याचा संभव आहे. उमेदवार मुलगी अविवाहित असावी लागते, तिला पोशाख स्वतः नेसता यावा लागतो, गावाचा इतिहास, साहित्य आणि वास्तुकला यांत तिची परीक्षा होते, घोड्यावर बसता यावे लागते, आणि प्रोव्हांसाल बोलता यावी लागते.

शेवटची अट वाचून मी थबकलो. ज्या भाषेत जात्यावर, धक्क्यावर, मेंढवाड्यात सर्व व्यवहार होत असे ती आता राणीच्या परीक्षेचा विषय झाली. पोशाख वाचला, भाषा वाचली नाही, असे मला तरी स्पष्ट म्हणावेसे वाटते. ज्याने आयुष्य कोशावर वेचले त्या माणसाच्या वाट्याला हे फळ यावे, ही खंत त्याच्या चाहत्यांनी झाकून ठेवू नये. त्याचा पुतळा त्याच्या हयातीतच १९०९ मध्ये गावच्या चौकात उभा केला गेला, हातावर अंगरखा घेतलेला. तो पाहून प्रवासाची पेटी तेवढी हाती द्यायची राहिली, असे तोच म्हणाल्याचे सांगतात. दुसऱ्या महायुद्धात धातूसाठी तो पुतळा वितळविण्यात आला. १९४८ मध्ये पुन्हा ओतून बसविला.

आर्लच्या स्त्रियांच्या सौंदर्याची ख्याती आल्फोंस दोदेने एका गोष्टीत आणि पुढे नाटकात गोवली. त्या नाटकासाठी १८७२ मध्ये बिझेने रचलेले संगीत जगभर वाजते. गंमत अशी की त्या नाटकात नायक जिच्यापायी प्राण देतो ती आर्लची मुलगी रंगमंचावर एकदाही येत नाही. तेव्हापासून फ्रेंच बोलीत, जिची सतत चर्चा चालते पण जी प्रत्यक्षात कधी अवतरत नाही अशा कोणत्याही गोष्टीला 'आर्लची बाई' म्हणतात.

बैलांकडे वळतो. आखाड्यात दोन प्रकारचे खेळ होतात, आणि ते एकच समजण्याची चूक बाहेरचे करतात. ईस्टरला आणि सप्टेंबरात स्पॅनिश पद्धतीची झुंज होते, तीत बैल मारला जातो. तिच्या समर्थनार्थ पुष्कळ विद्वत्ता खर्च झालेली आहे, पण माझे मन तिला अनुकूल होत नाही. दुसरा, अस्सल कामार्गचा खेळ निराळा. पांढऱ्या कपड्यांतील चपळ तरुण हातातील आकड्याने बैलाच्या शिंगांवरील दोऱ्या, गोंडे आणि कपाळावरची फीत काढण्याचा प्रयत्न करतात. पंधरा मिनिटे सरली की बैल जिवंत, बहुधा विजयी मुद्रेने, आपल्या कळपात परत जातो. जाहिरातीवर माणसांपेक्षा बैलांची नावे ठळक छापतात, आणि नामांकित बैल म्हातारा होऊन मेला की त्याची समाधी बांधतात. या बैलांना राखणारे घोडेस्वार गुराखी म्हणजे 'गार्दियां'. त्यांची संत जॉर्जच्या नावाची मंडळी १५१२ पासून चालत आली आहे. १ मे रोजी ते पांढऱ्या घोड्यांवरून, मागे पोशाखातील स्त्रियांना बसवून, टेकडीवरील देवळात येतात, प्रोव्हांसाल भाषेत प्रार्थना होते आणि घोड्यांना आशीर्वाद मिळतो.

वर्षाच्या अखेरीस ४ डिसेंबरला, संत बार्बच्या दिवशी, घरोघर बशीत गहू भिजत घालतात. नाताळपर्यंत हिरवेगार अंकुर उभे राहतात आणि सणाच्या ताटांमध्ये मांडले जातात. आपल्याकडे नवरात्रात घटाभोवती धान्य पेरणाऱ्या घरांना याचा अर्थ समजावून सांगण्याचे कारण नाही. पण याहून जवळचे नाते समुद्रकाठी भेटते. धाकट्या रोनच्या मुखाशी सँत-मारी हे तीर्थ आहे. तेथील तळघरातील सावळी सारा ही जिप्सी लोकांची आराध्य देवता. २४ मे रोजी ते तिला लुगड्यांवर लुगडी चढवून, घोडेस्वारांच्या बंदोबस्तात, वाजतगाजत समुद्रापर्यंत नेतात. तिला ते 'सारा ला काली' म्हणतात. जिप्सींची रोमानी भाषा ही मूळ हिंदुस्थानातून गेलेली आर्यकुलातील भाषा होय हे विद्वन्मान्य आहे, आणि तीत 'काली' म्हणजे काळीच. त्या मिरवणुकीला मात्र फारसे वय नाही. सारेची मूर्ती समुद्रावर नेण्याची परवानगी १९३५ मध्ये मार्की द बारोन्सेली या कामार्गप्रेमी सरदाराच्या खटपटीने मिळाली. मिरवणूक पाहताना कोणालाही ती पुराणकालीन वाटेल, आणि त्यात लाजण्यासारखे मला काही दिसत नाही.

व्हॅन गॉगविषयी मी हेतुपूर्वक थोडक्यात लिहितो, कारण वाचकाला त्याची माहिती असण्याचाच संभव अधिक. फेब्रुवारी १८८८ मध्ये तो बर्फ पडत असता आर्लला उतरला आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात गेला; या पंधरा महिन्यांत त्याने दोनशेच्या आसपास चित्रे रंगविली. शेजाऱ्यांनी या वेड्याला आवरावे म्हणून नगराध्यक्षांकडे अर्ज केला. आज गावाच्या मालकीचे त्याचे एकही चित्र नाही, मात्र त्याच्या नावाच्या पाट्या जागोजाग आहेत. सप्टेंबर १८८८ च्या रात्री त्याने तारे आणि गावचे गॅसचे दिवे एकत्र रोनमध्ये उतरविले, ती जागा त्याच्या पिवळ्या घरापासून चार पावलांवर होती. ते घर १९४४ च्या बॉम्बफेकीत नष्ट झाले.

ज्यांना आर्लला जाण्याचा योग येईल त्यांना एकच विनंती. स्थानकातून बाहेर पडल्यावर आखाड्याकडे धाव न घेता आधी नदीच्या धक्क्यावर जावे. तेथे दोन दगडी सिंह बसलेले आहेत, आणि समोरच्या त्रँकतायच्या काठावर त्यांचे जोडीदार. ज्या रेल्वेने नावाड्यांचा धंदा बुडविला तिच्या पुलाच्या दाराशी ते राखण करीत होते. तो पूलही १९४४ मध्ये बॉम्बने पडला आणि पुन्हा कोणी बांधला नाही. सिंह अजून तेथेच आहेत, आणि मधून रोन वाहते.